नऊ मिनिटं खाली

मागच्या शेडमधले कापडाचे लूम बंद असताना चारुलतानं हेडफोन कानावर चढवले आणि अल्बममधलं शेवटचं गाणं लावलं. शुक्रवारची दुपार होती. एरवी ते चोवीस लूम असे खडखडत असतात, की या घरातलं माणूस निम्मं तोंडानं बोलतं आणि निम्मं हातवाऱ्यांनी. शुक्रवारी मात्र शेडला सुट्टी, आणि त्या शांततेसाठीच तिनं कालपासून धीर धरला होता. काल संध्याकाळी हेच गाणं तिनं दोनदा लावलं होतं आणि दोन्ही वेळा काही म्हणता काही ऐकू आलं नव्हतं. पण काल लूम चालू होते, दोष त्यांच्यावर ढकलता आला. आज ढकलायला कोणी नव्हतं. मोबाइलच्या पडद्यावर पांढरी रेघ सरकत होती, एक मिनिट, दोन, अडीच, म्हणजे गाणं चालू होतं. आवाज शेवटापर्यंत वाढवलेला. तिनं आधी डावा कान दाबला, मग उजवा, मग दोन्ही. बाहेर कोणीतरी स्कूटरला किक मारली ती हेडफोनमधूनसुद्धा ऐकू आली, म्हणजे कान जागेवर होते. जिन्याखालच्या खोलीत ती पाटावर बसून राहिली, शाळेत मुलं शिक्षा झाल्यावर बसतात तशी, ताठ. नऊ मिनिटं चार सेकंद झाली आणि रेघ संपली. गाण्याचं नाव होतं 'खाली'.

गाणं निशाचं होतं. निशा तिची एकुलती एक मुलगी, वय चोवीस, मुक्काम पुणे. तिथल्या एका स्टुडिओत ती दिवसभर लोकांच्या जाहिरातींचे आवाज साफ करते आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर स्वतःचं संगीत करते. हा तिचा पहिला अल्बम. गुरुवारी तिनं तो पाठवला तेव्हा सोबत लिहिलं होतं, 'मम्मी, सबसे पहले तूच ऐक. लास्टवालं तुझ्यासाठी आहे. रविवारी सांग, मी फोन करते.' आता हे असलं संगीत, याला गाणं म्हणायचं की नाही यावरून इथे बुऱ्हाणपुरात मोठं भांडण झालं असतं, पण भांडायला निदान ऐकणारं दुसरं माणूस तर हवं. यात शब्द नसतात, ठेका नसतो, गाणारं कोणी नसतं. एक सूर सावकाश येतो आणि आला की लग्नघरच्या पाहुण्यासारखा जायचं नाव घेत नाही. मग त्याच्या आडून दुसरा डोकावतो. चाळीस मिनिटांनी कळतं की अल्बम संपला, आणि आपण इतका वेळ कशाचीही काळजी केली नाही. निशा दुसऱ्यांचे असे अल्बम पाठवायची, त्यांची इंग्रजी नावं चारुलताच्या तोंडात बसत नसत, म्हणून तिनं आपली नावं ठेवली होती. एक धुक्यातला. एक गाडी निघून गेल्यानंतरचा. एक केळीवाला, कारण त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत केळी पिकवायच्या थंड खोलीतल्या मशीनसारखी घरघर होती. निशाही तीच नावं वापरू लागली होती. 'मम्मी, केळीवाला परत ऐक, दुसरा भाग, मग बोलू.'

हे 'मग बोलू' सहजासहजी आलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी निशा खंडव्याला बी.एड. करत होती आणि ते अर्धवट टाकून आवाजाचं काम शिकायला पुण्याला निघाली, तेव्हा चारुलतानं घर डोक्यावर घेतलं होतं. ती स्वतः तेव्हा तेवीस वर्षं नोकरी झालेली मास्तरीण, सरकारी प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग घेणारी, मुलीनं बी.एड. सोडलं म्हणजे आईच्या जन्माला लाथ मारली, असंच तिला वाटलं. जिन्याच्या पायरीवर बॅग ठेवून निशा बुटाची नाडी बांधत होती आणि चारुलता म्हणाली होती, 'जायचं तर जा. पण मला तुझा आवाजसुद्धा ऐकायचा नाही.' माणूस रागात काय काय बोलतं, ते कोणी मनावर घेतं का? निशानं घेतलं. आठ महिने फोन नवऱ्याच्या, सुरेशच्या मोबाइलवर यायचा, सुरेश तो स्पीकरवर टाकायचा, आणि मायलेकींचं बोलणं 'जेवलीस का' आणि 'हो' एवढ्यावर आटपायचं. मग एकदा वर्गात फळ्याजवळ चारुलताला चक्कर आली, ब्लडप्रेशर निघालं, आणि आठ दिवसांनी कुरिअरनं हेडफोन आले. सोबत चिठ्ठी, 'डोकं शांत राहील.' पहिले दोन दिवस तिला वाटलं मोबाइलच बिघडला. तिसऱ्या दिवशी ती ऐकता ऐकता भाजी निवडायची विसरली. आणि पंधराव्या दिवशी तिनं स्वतःहून फोन लावून विचारलं, 'त्या धुक्यातल्यामध्ये बाराव्या मिनिटाला मागे कोणी श्वास घेतं का गं?' पलीकडे निशानं तो भाग परत लावून पाहिला. मग म्हणाली, 'मम्मी, ते तुला ऐकू आलं? इथं तर कोणालाच नाही आलं.' त्या दिवसापासून 'मम्मीचा कान' हा दोघींमधला शब्द झाला. निशाची मित्रमंडळीसुद्धा म्हणे विचारत, मम्मीच्या कानानं पास केलं का? सव्वीस वर्षांत शाळेनं जे कौतुक केलं नव्हतं ते त्या कानाचं झालं, आणि खरं सांगायचं तर दोघींमध्ये दुसरं काही उरलंही नव्हतं. लग्नाचा विषय काढला की भांडण, पगाराचा काढला की भांडण. कानाचा काढला की तासभर हसणं. तो कानच गेला तर बोलायचं काय? परत 'जेवलीस का'?

शुक्रवारची संध्याकाळ तिनं घरातले आवाज मोजण्यात घालवली. कुकरची शिट्टी आली. नळाखालची बादली भरत आल्याचं कळलं. फडताळाच्या दाराचा कर्रकर्र आला. मोबाइलवर मेसेज पडला तो मात्र उजेडामुळे दिसला, टिंग ऐकू आलं नाही; पण ते टिंग किती दिवसांपासून येत नव्हतं हे तिला आठवेना. चोराच्या मनात चांदणं. एकदा शंका आली की आठवायला लागलं. पावसाळ्यात निशानं एक तुकडा पाठवला होता आणि विचारलं होतं, 'शेवटी ती छोटी घंटा कशी वाटली?' घंटा कसली, चारुलताला शेवटी नुसतं धुकं ऐकू आलं होतं. ती म्हणाली होती, 'हो, गोड आहे.' म्हणजे पहिलं खोटं तेव्हाच बोलून झालं होतं. ते बोलताना जीभसुद्धा अडखळली नव्हती, याची तिला आता भीती वाटली. आणि त्याहून खोल एक भीती होती, जी कोणाला सांगितली असती तर लोक हसले असते: आपण जिन्यापाशी उभं राहून म्हणालो होतो, तुझा आवाजसुद्धा ऐकायचा नाही, आणि कुणीतरी ते शब्दशः ऐकलं. चोवीस वर्षं लूमच्या भिंतीला भिंत लावून राहिल्यावर कान जाणारच, हे तिलाही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि भिणं वेगळं.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तशी तिला एक काडी सापडली, आणि ती नावातच होती. खाली. मराठीत खाली म्हणजे खालच्या बाजूला, आणि हिंदीत खाली म्हणजे रिकामं. या गावात दोन्ही भाषा एकाच ताटात जेवतात, त्यामुळे कोण कुठला घास उचलतो ते तोंडात गेल्याशिवाय कळत नाही. चारुलताचं माहेर याच जिल्ह्यातल्या तुकईथडचं. घरात सगळं मराठी, शाळेत सगळं हिंदी. दुसरीत असताना बाई म्हणाल्या होत्या, 'खाली जगह भरो,' आणि लहानग्या चारूनं वाक्यांमधल्या रिकाम्या जागा तशाच सोडून पाचही उत्तरं पानाच्या तळाशी, अगदी खाली, सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली होती. बाईंनी वही वर्गाला दाखवली. वर्ग हसला. त्या दिवशी तिनं कानाला खडा लावला, की यापुढे बाहेर बोलताना खाली म्हणजे रिकामंच. पुढे ती स्वतः बाई झाली आणि दरवर्षी चौथीच्या पोरांना फळ्यावर हा फरक शिकवू लागली. आता निशा हिंदीत शिकलेली, मैत्रिणी हिंदीतल्या, फोनवर अर्धं बोलणं हिंदी. तिच्या तोंडचं खाली म्हणजे रिकामंच असणार. तिनं मुद्दामच नऊ मिनिटं कोरी ठेवली असणार. असं करतात हे लोक, निशानंच एकदा सांगितलं होतं, शांतता हासुद्धा आवाजच असतो म्हणून. म्हणजे आपल्याला काही ऐकू आलं नाही, हेच बरोबर ऐकू आलं! या विचारानं तिला इतकं हलकं वाटलं की तिनं रात्रीच्या जेवणाला मुद्दाम वांग्याचं भरीत केलं. घास तोंडात असतानाच शंका परत आली. ज्या गाण्यात काहीच नाही ते 'तुझ्यासाठी आहे' असं कोणी लिहील का?

शनिवारी सकाळी ती हेडफोन पर्समध्ये टाकून शाळेत गेली. हजेरी घेताना तिनं ठरवलं की आज मान वर करायची नाही, नावं वाचायची आणि नुसतं ऐकायचं. तीन नावं नीट गेली, तिघंही मुलगे, बेडकासारखे ओरडणारे. चौथं नाव कविताचं होतं. खिडकीपाशी बसणारी, बारीक आवाजाची मुलगी. ऑगस्टमध्ये तिची आई शाळेत आली होती, म्हणाली, 'मॅडम, पोरगी तर रोज येऊन राहिली, मंग गैरहाजर कशी लागते?' आणि चारुलतानं उलट तिलाच ऐकवलं होतं की मुलीला जरा जोरात बोलायला शिकवा. तेव्हापासून हजेरीच्या वेळी ती मुलांच्या तोंडाकडे बघू लागली होती, पण ते आपण का करतो हे स्वतःशी बोलली नव्हती. आता तिनं रजिस्टरवर बोट ठेवलं आणि म्हणाली, 'कविता.' आणि थांबली. वर्गात खुर्च्या नाहीत, पंखा बंद, लूम दूर. काही आलं नाही. अजून थोडं थांबावं, मुलगी खरंच आली नसेल, हेही शक्य होतं. पण तिला राहवलं नाही, तिनं मान वर केली. कविताचे ओठ नुकते मिटत होते. चारुलतानं पुढची नावं मान वर ठेवूनच वाचली.

मधल्या सुट्टीत वंदना मॅडमनी पर्समधले हेडफोन पाहिले. वंदना तिच्याहून दहा वर्षांनी लहान, शेजारच्या वर्गात खडू पडला तरी तिला कळतं. 'निशाचं नवीन आलं का? द्या ना, मलाही ऐकू द्या,' म्हणून तिनं हात पुढे केला. एका मिनिटात निकाल लागला असता. चारुलतानं पर्सची चेन ओढली आणि म्हणाली, 'अगं, चार्जिंगच नाही.' हात दाखवून अवलक्षण कशाला? पण मनात तिला कळलं, की आपल्याला खरं काय ते शोधायचंच नाही. आपल्याला फक्त रविवारपर्यंत पोचायचं आहे.

आणि म्हणून तिनं साक्षीदार निवडला तो सुरेश. सुरेश, तिचा नवरा, लूमचा मिस्त्री. तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यामुळे त्याला 'कोथिंबीर आणा' हे तीनदा सांगावं लागतं आणि चौथ्यांदा तो मेथी घेऊन येतो. कुठला लूम आजारी आहे हे तो कानानं ओळखत नाही, लोखंडावर तळहात ठेवून ओळखतो. असा माणूस संध्याकाळी चहा पीत बसला असताना तिनं त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवले.

'अहो, जरा ऐका हे. निशाचं आहे.'

'चालू कर मंग.'

'चालूच आहे.'

सुरेशनं मोठ्या आदरानं दोन मिनिटं ऐकलं. लेकीची वस्तू म्हणून चहासुद्धा खाली ठेवला. मग हेडफोन काढले, त्यांचा एक गोल तळहातात धरला, दाबला, दुसरा धरला. 'हालून नाही राहिलं हे,' तो म्हणाला. 'काहीच नाही यात. खाली आहे.'

'खाली आहे ना?'

'एकदम खाली. काय झालं? तू रडते कशाला?'

'रडत नाही हो. कांदा चिरला मघाशी,' ती म्हणाली, आणि त्याच्या कपात आणखी थोडा चहा ओतला. एका बहिऱ्याची साक्ष काढून दुसऱ्या बहिऱ्याला निर्दोष सोडायचं, असा तो न्याय होता. तिला त्याची लाज वाटली, पण त्या लाजेहून सुटका मोठी होती. शाळेच्या दैनंदिनीच्या मागच्या पानावर तिनं रविवारचं वाक्य लिहून काढलं, दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा ते तिला बरं वाटलं. ते ती अंघोळ करताना म्हणाली, भांडी लावताना म्हणाली. वर्गात पाठ घेण्याआधीही तिनं कधी इतकी तयारी केली नव्हती.

रविवारी अकराला निशाचा व्हिडिओ कॉल आला. सुरेश बाजारात गेला होता. मागचे लूम शुक्रवारचा वचपा काढत होते, म्हणून चारुलतानं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि हेडफोन लावले. पडद्यावर निशा होती, केस न विंचरलेले, डोळ्यांत झोप नाही.

'मम्मी! ऐकलं?'

'ऐकलं ना. सगळं.'

पहिल्या आठ गाण्यांबद्दल ती भराभर बोलली, आणि ते सगळं खरं होतं. तिसऱ्यातला तो मोठा सूर मधेच तुटतो तिथे परत मागे जाऊन ऐकलं. पाचवं जरा लांबलं. निशा मान डोलावत होती, वहीत काही लिहीत होती. मग तिनं पेन ठेवलं.

'और लास्टवालं?'

'ते तर मला सगळ्यात आवडलं,' चारुलता म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेहून मोठा निघाला. 'तू त्यात काही ठेवलंच नाहीस. एवढं सगळं वाजवून झालं आणि मग कोरी जागा. माणूस निघून गेल्यावर खोली मागे राहते ना, तसं वाटलं. आणि नाव कसं बरोबर ठेवलंस. खाली.'

निशा काही बोलली नाही. किंवा बोलली आणि आपल्याला ऐकू आलं नाही. चारुलता तिच्या ओठांकडे बघत होती. ओठ हलले नव्हते.

'मम्मी, तू काय बोलून राहिली?' निशा सावकाश म्हणाली. 'खाली म्हणजे खाली. आपलंवालं. नीचे. सकाळी तू खाली असते ना स्वयंपाकघरात, आणि मी वर, अंथरुणात.'

'हां,' चारुलता म्हणाली. 'म्हणजे?'

'दिवाळीत आली होती तेव्हा मी जिन्यावर रेकॉर्डर ठेवला होता. चार दिवस. लूम सुरू व्हायच्या आधी, सहा वाजता. तू काम करताना शीळ घालते, मम्मी. दातांतून. तोंड बंदच असतं जवळजवळ. इतकी बारीक, की जवळ उभं राहिलं तर कळतही नाही, पण जिन्यातून वर येते. तुला माहीत नाही?'

'मी? शीळ? काहीतरीच काय, मी काय टपरीवरचा पोरगा आहे?'

'रोज घालते. मी पहिलीत होती तेव्हापासून. डोळे उघडले की मी आधी ती ऐकायची. आली तर धडाधडा खाली उतरायची. नाही आली तर समजायचं आज मम्मी रागात आहे, मंग चुपचाप पडून राहायचं. त्यात भांडी होती, कुत्रं होतं, पप्पांचं खोकणं होतं. सगळं काढून टाकलं मी. दोन महिने लागले. नऊ मिनिटं फक्त तीच ठेवली.'

अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला कोणी सांगावं, की तुझ्या तोंडातून रोज एक आवाज निघतो आणि तो तुला सोडून दुसऱ्याला ठाऊक आहे! चारुलताला आधी राग आला, मग ओशाळं वाटलं. आणि मग ती लहान मुलगी दिसली, वरच्या खोलीत, गोधडीत, कान लावून पडलेली, आज उठू की नको ते ठरवणारी. किती सकाळी ती शीळ आली नसेल? त्या सकाळी आपण कशावर रागावलो होतो? एकसुद्धा कारण आठवेना. सुटायला अजून वाट होती. चेष्टा केली गं तुझी, असं म्हणून हसता आलं असतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. हसली असती तर निशाही हसली असती, आणि पुढच्या अल्बमपर्यंत सगळं ठीक झालं असतं, आणि त्या पुढच्या अल्बमच्या वेळी परत शुक्रवारची वाट बघायची, परत दैनंदिनीच्या मागच्या पानावर वाक्य लिहायचं.

'निशा,' ती म्हणाली, 'मला नाही आलं ऐकू.'

'लूममुळे? मम्मी, मंग शुक्रवारी...'

'शुक्रवारीच ऐकलं. शांततेत. त्याच्या आधी गुरुवारी दोनदा. काहीच आलं नाही. पावसाळ्यातली ती तुझी घंटा, तीपण नव्हती आली. मी गोड आहे म्हणाले ते खोटं होतं. बारीक आवाज येत नाहीत आता मला. शाळेत पोरींची हजेरी चुकते.' आणि मग तिला रडू आलं, अगदी उघड, हुंदके देऊन, आणि ते लपवायला मोबाइल फिरवावा म्हणून हात पिठाच्या डब्यापर्यंत गेला आणि तसाच राहिला. 'आता मी तुला काय सांगणार? कान तर गेला.'

निशानं तोंड फिरवलं आणि काहीतरी म्हटलं.

'काय? इकडे बघून बोल. मोठ्यानं.'

निशा वळली. तिचेही डोळे भरले होते. ती कॅमेऱ्याच्या इतकी जवळ आली की पडद्यावर फक्त तोंड उरलं. खालचा ओठ आत ओढला, वरचे दात किंचित उघडले, गाल जरासे आत. तशीच राहिली. चारुलता बघत होती. आपलं तोंड असं दिसतं तर!

'आलं?' निशानं विचारलं.

चारुलतानं नाही म्हणून मान हलवली.

'बरं. मंग तू कर.'

'मला कुठे येतं?'

'तुला येतं. कणीक मळताना तर नक्की. मळ कणीक.'

'आत्ता? अकरा वाजता?'

'पप्पा यायचेच आहेत जेवायला. मळ.'

तिनं परातीत पीठ घेतलं, मीठ टाकलं, पाणी घातलं. हातांना काय करायचं ते ठाऊक होतं. तोंडाला नव्हतं. मुद्दाम करायला गेलं की नुसती फूस होत असावी, कारण निशा पडद्यावर नाही, नाही, म्हणत बोट हलवत होती. तिला स्वतःला काहीच ऐकू येत नव्हतं. तिनं निशासारखा खालचा ओठ आत ओढला, मग तो सोडून दिला, मग कणकेकडे लक्ष दिलं, ती जरा सैल झाली होती, आणखी मूठभर पीठ लागणार होतं. तेवढ्यात निशाचा हात वर गेला.

'हां. हेच. मम्मी, हेच. थांबू नको.'

आवाज निघत होता की नुसता श्वास, हे चारुलताला कळायला मार्ग नव्हता. दातांच्या फटीत थोडं गार लागत होतं, एवढंच. तिनं पडद्याकडे पाहिलं. निशा भिंतीला टेकून बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, डोळे मिटून. कणीक केव्हाच मऊ झाली होती, पण चारुलता मळत राहिली, कारण निशानं अजून डोळे उघडले नव्हते.